फळीचं दुसरं टोक

चौथ्या माळेच्या दिवशी सकाळी फोन वाजला तेव्हा मी मौनात होते.

स्नान झाल्यापासून नैवेद्य दाखवेपर्यंत बोलायचं नाही, हा माझा नेम लग्नाच्या आधीपासूनचा. गडहिंग्लजला तो सगळ्या गल्लीला ठाऊक होता. दूधवालासुद्धा सकाळी बोटांनीच ‘एक की दोन’ विचारायचा. अमेरिकेतल्या फोनला कोण सांगणार? तो सहा वेळा वाजला, मग आपला आपणच उघडला आणि एका म्हाताऱ्या माणसाचा खरखरीत आवाज खोलीभर पसरला.

“केटी, वॉल्ट बोलतोय. रविवारी सामना आहे. संघाला चार माणसं लागतात आणि आम्ही तिघंच आहोत. तू आली नाहीस तर नाव मागे घ्यावं लागेल. तुझ्याकडे काडतुसं नाहीत, मला कळतं. या वर्षी दुकानांत कुणालाच मिळत नाहीयेत. तरी बघ काही जमतंय का, पोरी. मी चौऱ्याहत्तरचा झालो. पुढच्या वर्षी डोळे साथ देतील की नाही, देव जाणे.”

माझं इंग्रजी बेताचं, पण म्हातारा एकेक शब्द सुटा करून बोलत होता. बाल्कनीतल्या कुंडीतल्या झेंडूची माळ घटावर सोडताना माझा हात तसाच थांबला. केटी म्हणजे आमची केतकी, माझी सून. ती आंघोळीहून केस पुसत बाहेर आली, तो निरोप पुन्हा एकदा लावून ऐकला, आणि बटण दाबून पुसून टाकला. मग माझ्याकडे वळून नेहमीसारखी हसली.

“आई, आज नैवेद्याला काय करू? साबुदाणा भिजवलाय.”

मी मान हलवली. मौनात माणूस जास्त बघतो. तिचे डोळे हसत नव्हते, ते मी पाहिलं.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. ह्यांच्या माघारी माझ्या मुलाने, हृषीकेशने, मला कायमची आपल्याकडे नेली, त्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. तो मोंटाना राज्यात बोझमन नावाच्या गावी विद्यापीठात संशोधन करत होता. घर म्हणजे एक बैठकीची खोली, तिच्यातच स्वयंपाकाचा कोपरा, आणि एक झोपायची खोली. मी बैठकीत सोफ्यावर झोपायची. मी आले त्या दिवशी केतकीने बैठकीतल्या भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून दाखवलं होतं. आत कमरेइतक्या उंचीवर चांगली दोन बोटं जाडीची फळी, तिच्यावर नवं लाल कापड, दाराला आतून तोरण.

“आई, हे तुमचं देवघर.”

परक्या मुलखात आपल्या देवांना दार असलेली स्वतंत्र खोली मिळाली, म्हणून मी भरून पावले होते. फळीच्या पुढच्या कडेला चौकोनात चार भोकं होती, तेवढं एक व्यंग. मला वाटलं, घरमालकाच्या सुताराने खिळे चुकवले असतील. मी कापड जरा मागे सरकवलं आणि रोज सकाळी त्या चार भोकांत हळद-कुंकू भरू लागले. रांगोळीच्या ठिपक्यांसारखी दिसायची. केतकी बघायची आणि गप्प बसायची.

त्या दिवशी नैवेद्य झाला, तोंड उघडलं, आणि मी पहिलं तेच विचारलं.

“हे वॉल्ट कोण गं?”

“आमच्या रायफल क्लबातले आजोबा. काही नाही हो आई. जुनं खूळ होतं माझं, सोडलंय आता.”

केतकी कोल्हापूरची. वडील सुभेदार. कॉलेजात एनसीसीत असताना तिने नेमबाजीची पदकं मिळवली होती, ती तिच्या आईच्या शोकेसमध्ये मी लग्नात पाहिली होती. पण इथे दोन महिन्यांत बंदूक काही माझ्या दृष्टीस पडली नव्हती. मी म्हटलं, सोडलं असेल. संसार लागला की सुटतंच.

तेवढ्यात हृषी नमस्काराला आला. वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

“आई, हे काय लावलंयस देवापुढे?”

“काय?”

“ही उदबत्ती कशात खोचलीयस?”

“उदबत्तीचं घर आहे ते,” मी म्हणाले. “पितळी आहे. सिंकखाली एका बरणीत सापडली मला. चांगली साठेक होती, काळी पडली होती सगळी. देवाची भांडी घासताना त्यांनाही चिंच-मीठ लावून घासून काढलं, उन्हात वाळवलं. एक ठेवलं इथे तांदूळ भरून. बाकीची बरणीत आहेत परत.”

हृषी खालीच बसला. हसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“अगं आई, काडतूस आहे ते! उडवलेलं! रायफलचं रिकामं काडतूस!”

महिनाभर मी देवीपुढे उडवलेल्या गोळीचं टरफल लावून त्यात उदबत्ती पेटवत होते! मी कानाला हात लावले, गंगाजलाची लोटी शोधायला लागले.

“तुला सांगायलाच हवं होतं का!” केतकी नवऱ्यावर तडकली. मग मला म्हणाली, “आई, त्याला काही झालेलं नाही. आत काहीच नसतं. आणि तुम्ही इतकी लखलखीत केलीत ती, मला सांगवेनाच. लोक त्यासाठी यंत्र विकत घेतात. रात्रभर गरगर फिरतं ते. तुमच्या चिंचेने त्याच्यापेक्षा चांगली निघाली.”

“म्हणजे ती टाकायची नसतात?”

“नाही हो. तीच पुन्हा भरतात. खाली ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत मोजून दारू घालायची, वर गोळी दाबायची. विकतच्यापेक्षा नेम चांगला लागतो. माझ्याकडे सगळं आहे. गोळ्या आहेत, टोप्या आहेत, दाबायचं यंत्र आहे. दारूची बाटली क्लबच्या लोखंडी कपाटात ठेवलीय.”

“मग भर की. अडलं कुठे?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“जागा नाही,” केतकी म्हणाली. “यंत्र पक्कं बसवावं लागतं. दांडा ओढला की ते हलता कामा नये.”

मला खरं वाटेना. एवढंसं काडतूस, त्याला किती जागा लागणार? मी म्हटलं, दाखव मला. पलंगाखालून तिने एक खोकं ओढलं. पोलादाचं धूड निघालं, दहा-बारा किलोचं. उभी चौकट, बाजूला हातभर लांबीचा दांडा आणि खाली चार भोकांचा पाया. दांडा खाली ओढला की आतला दट्ट्या वर यायचा.

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही तिघांनी त्या यंत्राला घरभर फिरवलं. जेवणाचं टेबल काचेचं. ओट्याच्या कडेला शिकंजा लावून पाहिला, तर दांडा ओढताच ओट्याचा पत्रा कुरकुरला आणि हृषी ओरडला, “थांब, घरमालक अनामत ठेवून घेईल!” बाल्कनीत लोखंडी कठडा होता, पण तिथे असा वारा की वजनाच्या काट्याचं पारडं ठरेना. क्लब म्हणजे म्हणे माळावरची उघडी पत्र्याची शेड, तिथेही तीच गत. वॉल्ट आजोबांनी बायको गेल्यावर घर विकलं होतं आणि ते आता चाकांवरच्या एका खोलीत राहत होते. त्यांच्याकडे स्वतःपुरत्या विकतच्या काडतुसांचं एक जुनं खोकं उरलं होतं, पण त्यांच्या बंदुकीचं माप वेगळं.

“आणि दिव्याजवळ तर मुळीच नाही,” केतकीने बजावलं. “दारू आणि ज्योत एका खोलीत नको.”

नवरात्राचा नंदादीप! घट बसले की दहा दिवस तो विझू द्यायचा नाही, आणि घट जागचा हलवायचा नाही. म्हणजे बैठकीची खोली बादच झाली.

“राहू दे आई,” ती म्हणाली. “मी वॉल्टना फोन करून नाही सांगते.”

“रविवार कधी आहे?”

“आज बुधवार. सहावी माळ.”

“मग अजून तीन माळा आहेत,” मी म्हणाले. “एवढ्यात नाही सांगू नकोस.”

संध्याकाळी आरती झाली. घरात राहिली ती झोपायची खोली. तिला दार होतं, दिवा नव्हता. पण खोलीभर पलंगच. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये दीड हात रुंदीची बोळकांडी तेवढी मोकळी. मी दारात उभी राहून त्या बोळकांडीकडे बघत राहिले, आणि मला एकदम माझी आई दिसली.

माझ्या माहेरी शेवयांचं पितळी यंत्र होतं. ते कशाला बसवायचं? एक लांब फळी होती, तिच्या एका टोकाला यंत्र आवळायचं. आई फळीवर आडवे पाय टाकून बसायची आणि दांडा फिरवायची. पीठ घट्ट असलं की फळी मागून उचलायची. तेव्हा ती हाक मारायची, “सुमे, दुसऱ्या टोकावर बस!” मी सहा-सात वर्षांची. माझं काम एकच, दुसऱ्या टोकावर बसायचं आणि उठायचं नाही. ना भिंतीला खिळा, ना जमिनीला. शेवया झाल्या की फळी दाराआड उभी.

“हृषी,” मी म्हणाले, “इथे लाकडाची वखार कुठे आहे?”

त्याने त्याच रात्री दुकान बंद व्हायच्या आत पाच हात लांबीची जाडजूड फळी आणली. यंत्राचा पाया खाकी कागदावर ठेवून पेन्सिलीने चार भोकं उतरवली, कागदाला टोचे पाडले, तो कागद फळीवर धरून बर्म्याने भोकं पाडली आणि बोल्ट आवळले. कागद टाकायला निघाला होता, मी घेतला. मला कागद टाकवत नाही. घडी घालून पोथीत खूण म्हणून ठेवला.

सातव्या माळेला केतकीने सुट्टी काढली आणि क्लबातून दारूची बाटली आणली. दुपारी, नैवेद्य झाल्यावर, आम्ही फळी त्या बोळकांडीत अंथरली. केतकी फळीवर बसली, दांडा ओढला, आणि तो खाली फरशीवर खण्णकन आपटला.

“हात्तिच्या!” हृषी पलंगावरून म्हणाला. “आता फरशी खणू का?”

“तू आधी ऑफिसला जा,” केतकी म्हणाली.

ते खरं होतं, शेवयांचं यंत्र गोल फिरायचं, हे वरखाली होत होतं. मी बाल्कनीतून कुंड्यांखालच्या विटा आणल्या, पुसून जुन्या चादरीत गुंडाळल्या. दोन्ही टोकांखाली चळत रचली. आता फळी गुडघ्याइतकी उंच झाली. केतकी घोड्यावर बसल्यासारखी बसली, पाय दोन्हीकडे. दांडा ओढला. यंत्र हललं नाही. पण फळीचं मागचं टोक चार बोटं उचललं गेलं आणि केतकी यंत्रावर कपाळ आपटता आपटता वाचली. पोर पन्नास किलोचीही नव्हती.

मी दुसऱ्या टोकावर जाऊन बसले. मांडी घातली, पदर सावरला, झोळीतून जपमाळ काढली.

“ओढ आता.”

तिने ओढला. फळी जागची हलली नाही.

“आई!” ती मागे वळून म्हणाली. “तुमचं वजन किती?”

“बासष्ट. आणि कुणाला सांगितलंस तर बघ.”

ती इतकी हसली की तिला डोळ्यांवरचा चष्मा, कामासाठीचा जाड चष्मा, काढून पुसावा लागला. आणि मग एक-दीड तास आमचं काम असं चाललं, जसं ते आमचं वर्षानुवर्षांचं असावं. मी मागून काडतुसाची एकेक रिकामी नळी पुसून पुढे द्यायची. ती तिला यंत्रात घालून मापात आणायची, खाली टोपी बसवायची, आणि नळी लाकडी ठोकळ्याच्या खळग्यात उभी करायची. खळगे पन्नास, दहाच्या पाच ओळी. पहिल्या पन्नास नळ्या झाल्यावर ती थांबली.

“आता दारू. आई, इथून पुढे बोलायचं नाही हं. एकाच नळीत दोनदा पडली किंवा एखादीत पडलीच नाही, तर मोठा घोटाळा होतो.”

“हे तू मला सांगतेस?” मी म्हणाले, आणि ओठ मिटले.

ती काट्यावर चिमूटभर दारू तोलायची, छोट्या नरसाळ्याने नळीत ओतायची. ती ओतली की मी एक मणी ओढायची. जप आणि मोजणी एकत्र. खिडकीतून ऊन येत होतं, काट्याची बारीक टिकटिक ऐकू येत होती, आणि मला आमच्या अंबाबाईच्या देवळातल्या दुपारची आठवण झाली. तशीच शांतता.

तिसऱ्या ओळीच्या शेवटाशी बाहेरचं दार धाडकन उघडलं.

“केतू! चहा आहे का? मीटिंग रद्द झाली!”

“ठेवते रे, थांब जरा!” केतकी ओरडली. कपाळावरची बट मागे केली, पुन्हा काटा हाती घेतला. आणखी दोन-तीन नळ्या भरल्या. मग श्वास सोडून कुजबुजली, “एकतीस झाल्या.”

मी मान हलवली. तीन बोटं दाखवली, मग मूठ. तीस.

“एकतीस आहेत आई. बघा ना, तीन ओळी आणि एक.”

मी पुन्हा तीन बोटं, मूठ.

“तुमचा मणी राहिला असेल एखादा.”

बेचाळीस वर्षं रोज अकरा माळा करणाऱ्या बाईला तिची सून म्हणत होती की मणी राहिला असेल. मौनात असल्यामुळे मला काही बोलता आलं नाही, हे बरंच झालं. मी फक्त ठोकळ्याकडे बोट दाखवलं आणि ओंजळ पालथी केली. ओत परत. सगळ्या.

“सगळ्या? आई, तास जाईल!”

जपात आकडा हरवला की अंदाजाने पुढे जायचं नाही, मेरुमण्यापासून पुन्हा सुरुवात करायची. माझ्या आजेसासूबाईंनी मला घालून दिलेली शिस्त. मी ओंजळ पालथीच धरून ठेवली.

केतकीने माझ्याकडे पाहिलं, रागावूनच पाहिलं, आणि एकेक नळी बाटलीत रिकामी करायला लागली. पहिली, दुसरी, दहावी. बारीक खसखशीसारखी दारू सर्रकन पडायची. सत्ताविसावी. अठ्ठाविसावी तिने उलटी केली आणि काहीच पडलं नाही. तिने ती बोटाने टिचकावली. आत डोकावून पाहिली. कोरडी ठणठणीत.

तिने ती नळी ठोकळ्याबाहेर वेगळी ठेवली. मग फार हळू आवाजात म्हणाली, “आई, ही अशीच मिटली असती ना, तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी बंदुकीच्या नळीत निम्म्या वाटेत अडकून राहिली असती. आणि मला कळलं नसतं, तर मागून दुसरी गोळी... माझ्या तोंडाशी बंदूक फुटली असती.”

मी मेरुमणी धरला आणि तिला खूण केली. चल, पहिल्यापासून.

बाहेर हृषीने आपला चहा आपणच करून घेतला. आम्हालाही आणला, पण दाराबाहेर ठेवून, न बोलता. आठव्या माळेला उरलेल्या नळ्या झाल्या. साठाला एक कमी. ती एक देवीपुढे उदबत्ती धरून होती, तिला कुणी हात लावला नाही.

त्या संध्याकाळी मी पोथी वाचायला बसले. खुणेचा कागद काढला आणि उलगडून समोर फळीच्या कडेवर ठेवला. वाऱ्याची झुळूक आली म्हणून तो उडू नये यासाठी बोटाने दाबला, तर बोट आत गेलं. कागदातल्या टोच्याखाली फळीचं भोक होतं. हळद-कुंकवाचं भोक. मी कागद थोडा सरकवला. दुसरं भोक जुळलं. तिसरं. चौथं. चारही टोच्यांतून माझं हळद-कुंकू दिसत होतं.

मी उठले नाही. अध्याय पुरा केला. तो काय वाचला, ते मात्र देवीलाच ठाऊक.

हृषी भांडी विसळत होता. मी त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले. “मी यायच्या आधी या कपाटात काय होतं रे?”

त्याने नळ बंद केला. “तिने शपथ घातलीय मला.”

“बरं,” मी म्हणाले. “मग नको सांगूस.”

नवमीला, खंडेनवमीला, आम्ही शस्त्रपूजा केली. फळी बैठकीत आणायची नव्हती, दिवा होता. मीच ताम्हन घेऊन झोपायच्या खोलीत गेले, निरांजन न घेता. यंत्राला गंध लावलं, झेंडू वाहिला. बंदूक पेटीतून निघालेली पहिल्यांदाच पाहिली, तिलाही. हृषीने आपला लॅपटॉप पुढे सरकवला. “माझंही शस्त्र आहे.” त्यालाही एक झेंडू.

दसऱ्याला पहाटे घट उठवला आणि आम्ही शहराबाहेर माळावर गेलो. हे माझं अमेरिकेतलं पहिलं सीमोल्लंघन. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या खोडाची झाडं उभी होती, पानं पिवळीधमक झालेली. आपट्याचं नाव नाही, पण सोनं म्हणावं तर हेच. मी गाडी थांबवायला लावून पदर भरून पानं घेतली.

वॉल्ट आजोबा उंच, वाकलेले, डोक्यावर लोकरीची टोपी. केतकीने ओळख करून दिल्यावर ते माझ्यापुढे टोपी काढून उभे राहिले. मी त्यांच्या हातावर सोनं ठेवलं. त्यांनी काही न विचारता ते खिशात घातलं, छातीशी.

मी कानात बोळे घालून मागच्या बाकावर जपमाळ घेऊन बसले. केतकी सतरंजीवर पालथी पडून नेम धरत होती. लांबचं निशाण मला दिसत नव्हतं. मी फक्त तिचा खांदा बघत होते. दर आवाजाला खांदा हलायचा, मी मणी ओढायची. चाळीस गोळ्या, चाळीस मणी. एकही फुकट गेली नाही, अडकली नाही.

संघाचा दुसरा नंबर आला. बक्षीस म्हणून चौघांना एकेक गोठवलेली टर्की, म्हणजे सोललेला मोठा पक्षी, मिळाली. वॉल्टनी आपली टर्की मोठ्या अदबीने आणून माझ्या मांडीवर ठेवली. हृषीने तोंड फिरवून घेतलं, त्याचे खांदे गदगदत होते. मी त्या थंडगार पिशवीला लांबूनच नमस्कार केला आणि मराठीत म्हणाले, “आजोबा, तुमच्या घासातला घास दिलात, पोहोचला. आता हा तुम्हीच न्या.” केतकीने ते इंग्रजीत करून सांगितलं. ते इतके हसले की टोपी पडली.

घरी आल्यावर मी हातपाय धुतले, ताम्हन घेतलं आणि कपाटातले देव एकेक करून त्यात ठेवू लागले. केतकी धावत आली.

“आई, काय करताय?”

“देव हलवतेय. स्वयंपाकाच्या खिडकीशी पूर्व आहे, उजेड चांगला येतो. तुझ्या फळीवर तुझं यंत्र बसव.” मी लाल कापड ओढून घेतलं. चार भोकं उघडी पडली. “स्क्रू आहेत ना जपून ठेवलेले?”

तिचा चेहरा पडला. “हृषीने सांगितलं?”

“नाही. मीच दोन महिने रोज त्यांच्यावर हळद-कुंकू वाहत होते. तू मला म्हणाली का नाहीस, केतकी?”

“काय म्हणणार होते? तुम्ही सगळं घर सोडून येत होतात. तुमच्या देवांना एवढी तरी जागा...” मग तिने माझ्या हातातलं ताम्हन घेतलं, आणि देव एकेक करून परत फळीवर मांडायला लागली. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक. क्रमसुद्धा चुकला नाही.

“अगं, मी मनापासून म्हणतेय.”

“मीपण.” ती भोकांवर कापड सारखं करत होती. “इथे बसवलं तर मला दार लावून एकटीने भरावं लागेल. अठ्ठाविसावी नळी कोण पकडणार?”

आज आमचं घर मोठं आहे. खाली गाडी ठेवायची खोली आहे, तिच्यात हृषीने भिंतीला पक्कं टेबल बसवून दिलंय, वॉल्ट आजोबांनी जाण्यापूर्वी स्वतःची हत्यारं केतकीला दिली, तीही तिथे टांगलेली आहेत. टेबलावर रंगाचे डबे आणि सायकलचे पंप असतात. काडतुसं भरायची असली की केतकी दाराआडची फळी काढते आणि विटा मांडते.

मला हाक येते. मी जाऊन बसते, मांडी घालते, माळ काढते. अलीकडे माझं वजन उतरलंय, पंचावन्नच्या खाली. परवा तिने दांडा ओढला आणि मागचं टोक बोटभर उचललं.

“आई,” ती मागे न वळताच म्हणाली, “उद्यापासून भातावर तूप वाढवणार आहे मी. टोक उचलतंय.”